मुक्तिसंग्रामातील मॅट्रिकची एक तुकडी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली. मी बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. विद्वत्तेचा माझा दावा नाही. शिवाय लातूरची मंडळी समोर बसलेली असताना मॅट्रिकच्या टक्केवारीवर नांदेडच्या एका व्यापाऱ्याने बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे होईल. म्हणून मी दुसराच विषय घेतला आहे. १९४५ साली आठवीत बसलेली आणि १९४९ साली मॅट्रिक होऊन बाहेर पडलेली एक तुकडी. हिशोबाने तीन वर्षांचा अभ्यासक्रम. या मुलांना चार वर्षे लागली. माझे वडील त्या तुकडीत होते. शाळेचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण त्या वर्षांत मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या शाळेची कथा थोड्याफार फरकाने हीच होती.

आजच्या मुलांना ती शाळा डोळ्यांपुढे आणणेही अवघड जाईल. आपले पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता; त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. प्राथमिक शाळेस तहतानिया, मिडल स्कूलला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया म्हणत. आठवीचा वर्ग म्हणजे जमात हश्तुम, नववी म्हणजे नहुम, दहावी म्हणजे दहुम. घरी मराठी किंवा मारवाडी बोलणारी मुले शाळेत भूगोल शिकत तो ‘जुगराफिया’ म्हणून आणि त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, त्यामुळे हायस्कूलचेही माध्यम उर्दू. दाखल्यावरची जन्मतारीख फसली सनाची. माझ्या वडिलांचे जन्मवर्ष तेथे १३४१ असे होते आणि आम्ही भावंडे लहानपणी त्यांना ‘तुम्ही शिवाजी महाराजांच्याही आधीचे’ म्हणून चिडवीत असू. नाणेही वेगळे. सात रुपये हाली शिक्का दिला की सहा रुपये कलदार मिळत, आणि व्यापाऱ्याच्या पोराला हे गणित शाळेत जाण्यापूर्वीच तोंडपाठ असे.

स्वतःची मराठी शाळा काढावी म्हटले तर सरकारची परवानगी हवी आणि ती सहजी मिळत नसे. म्हणून हिप्परग्याची १९२१ ची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे १९३५ चे योगेश्वरी नूतन विद्यालय यांचे महत्त्व एवढे मोठे. स्वामी रामानंद तीर्थ प्रथम या शाळांचे शिक्षक होते, पुढारी ते मागाहून झाले, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजात मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. पण ती कॉलेजची, मिशा फुटलेली मुले होती. आमच्या तुकडीतील मुले १९४५ मध्ये तेरा-चौदा वर्षांची होती.

वडील सांगत, वर्गात छत्तीस मुले होती. निम्म्याहून काही कमी मुसलमान, बाकी हिंदू, आणि आपल्या समाजाची दोन. मुलींचा प्रश्नच नव्हता. संपूर्ण संस्थानात लिहितावाचता येणारे लोक शंभरात दहाही नव्हते, त्या काळी हायस्कूलपर्यंत पोहोचलेली ही छत्तीस मुले म्हणजे गावाची मोठीच कमाई होती. दुसरे महायुद्ध त्याच वर्षी संपले होते, पण कापडाचे कंट्रोल संपले नव्हते. नांदेडला उस्मानशाही मिल असूनही धोतरजोडीसाठी रांग लागे. वडिलांचा शाळेचा सदरा आजोबांच्या जुन्या अंगरख्यातून निघालेला होता. कापड दुकानदाराचा मुलगा ठिगळाचा सदरा घालतो, यावर वर्गात बरीच थट्टा होई.

हश्तुमचे वर्ष असे हसण्याखिदळण्यात गेले. नहुममध्ये वारे फिरले. १९३८ पासून बंदी असलेल्या स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ मध्ये उठली, सभा होऊ लागल्या, आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला गोविंदराव पानसरे यांची बिलोलीजवळ अर्जापूर येथे हत्या झाली. नांदेड जिल्ह्यातील मुलांना हे नाव ऐकून ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी काही बोलले नाही. परंतु बाके बदलली. ज्याला जेथे बसावेसे वाटले तेथे तो बसला, आणि मधल्या रांगेत एक मोकळी जागा राहिली. वडील मात्र आपल्या जुन्या बाकावरच बसले. त्यांच्या शेजारचा सोबती मुसलमान होता, एका वकिलाच्या कारकुनाचा मुलगा. वडिलांचे उर्दू शुद्धलेखन तो तपासून देई आणि वडील त्याची बेरीज-वजाबाकी. हा व्यवहार दोघांनाही सोयीचा होता, असे वडील म्हणत. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात प्रेमालाही सोय म्हणण्याची रीत आहे, हे आपण सारे जाणतोच.

डिसेंबर १९४६ मध्ये इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे कासीम रझवीच्या हाती गेली. लातूरकरांना सांगणे नको, हा गृहस्थ लातूरला वकिली करीत असे. रझाकारांची कवायत सुरू झाली. जून १९४७ मध्ये निजामाने आपण कोणत्याच संघराज्यात सामील होणार नसल्याचे फर्मान काढले. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ हा दिन पाळला, आणि १५ ऑगस्टला सारा देश तिरंगा फडकावीत असताना आपल्याकडे तो फडकावणे गुन्हा ठरला. स्वामीजींना अटक झाली. दहुमची, म्हणजे मॅट्रिकची, वर्गसुरुवात ही अशी झाली.

विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडून लढ्यात यावे, अशी हाक होती. कोणत्या वयाच्या मुलाने ही हाक ऐकावी, हे मात्र कोणी ठरवून दिलेले नव्हते. मी दुकानात बसल्या बसल्या पुष्कळदा विचार केला आहे, की पंधरा वर्षांच्या मुलाने मॅट्रिक टाकून जावे हे योग्य होते काय? आज माझ्या नातवाने असे काही केले तर मी त्याला खोलीत कोंडून ठेवीन. पण ज्या गावात रात्री दाराबाहेर पाऊल टाकणे कठीण झाले होते, तेथे शाळेत जाणे हेही सुरक्षित राहिले नव्हते. इंग्लंडमध्ये १९३९ साली महायुद्धाला तोंड लागले तेव्हा सरकारने शाळाच्या शाळा, शिक्षकांसह, आगगाडीत बसवून खेड्यांत हलविल्या. आमच्या मुलांना हलविणारे कोणी नव्हते. ती रात्री एकेकटी, आईला सांगून किंवा न सांगता निघाली.

नांदेडकडची मुले हदगावच्या बाजूने पैनगंगा उतरून उमरखेडला जात. उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे भारतात. लातूरकडची मुले बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मुरूड, ढोकी, येडशी करीत बार्शीला उतरत, आणि स्टेशनांवर पहारा बसला तेव्हा शेतांतून चालत जाऊ लागली. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची शिबिरे होती. तेथून करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले होत, शिंदीची झाडे तोडली जात, रझाकारांच्या ठाण्यांशी चकमकी होत. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लढ्याच्या खर्चासाठी लुटण्यात आली. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. एका दिवसात आलेल्या या दोन बातम्या शिबिरातील पोरांनी कशा पचविल्या असतील, याची कल्पना करवत नाही.

छत्तिसांपैकी अकरा मुले दिवाळीच्या आत निघून गेली. माझे वडील त्यांत होते. माझ्या आजीची चिंता काय होती, तर शिबिरात जेवण सूर्यास्तापूर्वी मिळेल काय आणि भाजीत कांदा असेल काय! रझाकारांच्या गोळीपेक्षा तिला कांद्याची धास्ती अधिक. वडिलांनी हाती शस्त्र घेतले नाही. आपला कुळाचार सांगून त्यांनी ते नाकारले आणि शिबिरप्रमुखांनीही आग्रह केला नाही. त्यांच्याकडे कोठीचा हिशोब दिला. ज्वारी, डाळ, गूळ, रॉकेल, कोणाला किती. हाली किती, कलदार किती. हाती बंदूक असलेली मुले रात्री परतली की त्यांची ताटे मोजणे हे त्यांचे काम होते, आणि एखादे दिवशी ताट उरे. उरलेल्या ताटाविषयी ते एवढेच सांगत. यापुढे विचारले तर उठून जात.

अहिंसेचे व्रत असलेल्या घरातील मुलाने सशस्त्र लढ्याची कोठी सांभाळावी, हे कसे, असा प्रश्न आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्यांना पुढे पुष्कळ वर्षांनी भर पंगतीत विचारला होता. वडिलांनी उत्तर दिले नाही. वाढणाऱ्याला पोळी आणायला सांगितली. मलाही त्याचे उत्तर येत नाही, पण प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी ते वर्ष सोलापुरात सुखरूप काढले होते, एवढे सांगण्याचा मोह आवरत नाही.

आता वर्गाकडे येतो. अकरा गेले, काहींची कुटुंबेच सोलापूर, अकोला, वाशिमकडे निघून गेली, आणि उरलेली पंधरा-सोळा मुले वर्गात येत राहिली. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला, पण गावात काही जैसे थे नव्हते. मीठ आणि रॉकेल मिळेना. वर्गाचे उर्दूचे शिक्षक एक वयस्क मौलवी साहेब होते. हजेरी तेच घेत. नियम असा, की मूल ठरावीक दिवस गैरहाजिर राहिले म्हणजे त्याचे नाव पटावरून खारीज होई, आणि नाव खारीज झाले की परीक्षेला बसता येत नसे. शिवाय कोणती मुले गेली याची यादी वर पाठविण्याची तंबी होती. मौलवी साहेबांनी अकराही नावांपुढे महिनोन्महिने ‘रुखसत’ लिहिले. रुखसत म्हणजे रजा. कोणी आजारी, कोणी मामाकडे लग्नाला. एका मुलाच्या नावापुढे तर त्यांनी पाच महिने देवी आल्याचे कारण चालविले, असे तो बाकसोबती नंतर हसून सांगे. मुले कोठे गेली, हे मौलवी साहेबांना पक्के ठाऊक होते. त्यांचा स्वतःचा पुतण्या रझाकारांच्या कवायतीला जात असे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्य जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या बाजूने व अन्य दिशांनी संस्थानात शिरले, त्याच दिवशी नळदुर्ग घेतले, आणि १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने शरणागती पत्करली. २०२३ साली या दिवसाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आपण सर्वांनी झेंडावंदन केले, हुतात्म्यांची नावे घेतली. ते योग्यच केले. पण वडिलांच्या तुकडीची कथा १७ सप्टेंबरला संपत नाही, आणि म्हणूनच मी ती आज सांगत आहे.

शिबिरातील मुले घरी आली. दहा आली, अकरावा उमरखेडकडेच राहिला, तो उरलेल्या ताटांपैकी एक. शाळा पुन्हा भरली, तेव्हा वर्ग आधीपेक्षाही रिकामा होता. आता दुसऱ्या बाजूची बाके मोकळी होती. रझाकारांनी जे केले होते त्याचा सूड आपल्या भागात अशांवर उगवला गेला, ज्यांनी काही केले नव्हते. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठविली. तिने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हिंडून अहवाल दिला. पोलिस अॅक्शनच्या वेळी व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद व नांदेड ही आपली दोन नावे लिहिली. अन्य दोन गुलबर्गा व बीदर. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आकड्यांवर अभ्यासक वाद घालोत. मला त्या वर्गाच्या पटाशी काम आहे. त्या पटावरील सात मुले परत आली नाहीत. काहींची घरे हैदराबादला गेली, एकाचे घरच राहिले नाही.

मौलवी साहेब गणेशोत्सवानंतर दिसले नाहीत. कोणी म्हणे हैदराबाद, कोणी म्हणे औरंगाबाद. वडील त्यांच्या घरी गेले तेव्हा दाराला कुलूप होते आणि ओट्यावर शेजाऱ्याची म्हैस बांधलेली होती. बाकसोबत्याचे कुटुंब मात्र वाचले. आमच्या आजोबांनी त्यांना दुकानामागच्या गाठींच्या खोलीत नऊ दिवस ठेवले होते. नऊ दिवस स्वयंपाक आजीने केला, अर्थातच सूर्यास्तापूर्वी आणि कांद्याशिवाय. तो सोबती पुढे कितीतरी वर्षे आमच्याकडे आला की म्हणे, ‘अम्माँ, अब तो प्याज डालो.’

१९४९ साली परीक्षा झाली. शिबिरातून आलेल्या दहा जणांना बसता आले, कारण पटावर त्यांची नावे शाबूत होती. शाळेतील नव्या साहेबांनी पट तपासला, ‘रुखसत’ची ओळ पाहिली आणि अर्ज मंजूर केले. प्रश्नपत्रिका उर्दूतच होत्या. राज्य बदलले होते, भाषा बदलण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. ज्या भाषेविरुद्ध आपण लढलो असे त्यांना वाटत होते, त्याच भाषेत त्यांनी मॅट्रिक दिली, आणि एकोणीस जणांपैकी बारा पास झाले. वडिलांना सर्वाधिक गुण उर्दूला पडले! पुढे दुकानात उधारीच्या चिठ्ठ्या ते मराठीत लिहीत, पण ज्या गिऱ्हाइकाची उधारी बुडाली असे वाटे त्याच्यासाठी राखून ठेवलेली दोन वाक्ये उर्दूतच असत.

त्यानंतर शिकायचे तर कोठे, हा प्रश्न होता. संपूर्ण मराठवाड्यात सरकारी कॉलेज एकच, औरंगाबादचे. १९५० साली स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ साली आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली आले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. आजच्या लातूर पॅटर्नची इमारत कोणत्या पायावर उभी आहे, ते यावरून लक्षात यावे. आमच्या तुकडीतील तिघे शिक्षक झाले. नरहर कुरुंदकर गुरुजी १९३२ चे, कुरुंद्याचे, म्हणजे वयाने याच पिढीचे. शालेय वयातच तेही मुक्तिसंग्रामात होते, आणि नंतर प्रतिभा निकेतनमध्ये शिक्षक व पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्यांची स्वतःची शाळा मोडली त्या पिढीने पुढची तीस वर्षे आपल्याला शिकविले. माझ्या स्वतःच्या शाळकरी वयात १९७१ चे युद्ध झाले. आम्ही रेडिओभोवती बसून ते ऐकले आणि दुसऱ्या दिवशी घटक चाचणी दिली. आमचा एकही तास बुडाला नाही.

वडील आता नाहीत, तो बाकसोबतीही नाही. त्या वर्षांत शाळेत असलेली जी माणसे आज हयात आहेत ती नव्वदीपलीकडची आहेत. ट्रस्टला माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून थोडी रक्कम बाजूस काढून आपल्या मुलांना अशा वृद्धांच्या घरी पाठवावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि कागदावर उतरवून घ्यावे. नांदेडच्या देगलूर नाक्याकडच्या वस्तीत आणि लातूरच्या जुन्या गावठाणात उर्दू बोलणारी घरे आहेत, तेथेही पाठवावे. सोबत उर्दू जाणणारा एखादा शिक्षक द्यावा, त्याचे मानधन माझ्याकडे.

पहिले पान मी लिहून आणले आहे. वडिलांनी अखेरच्या आजारपणात आठवून आठवून आपल्या तुकडीची नावे सांगितली, मी ती दुकानाच्या वहीत उतरवली. छत्तीसपैकी तेवीस मिळाली. मौलवी साहेबांचे पूर्ण नाव त्यांना आठवले नाही. सारी शाळा त्यांना नुसते मौलवी साहेबच म्हणे. ज्येष्ठांपैकी कोणास ते ठाऊक असेल, तर कृपया कार्यक्रमानंतर मला भेटावे. ही वही मी अध्यक्ष महोदयांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.